तव्यापाशी

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या औशाच्या चारी बाजूंना काळं रान आहे आणि त्या रानात लाकूड नाही. बांधावर बाभळी, दोन-चार लिंबं, कुठं एखादी चिंच, देवाच्या नावानं राखलेला पिंपळ. झाडं म्हणावीत तर एवढीच. त्यामुळं आमच्याकडच्या घरांत भट्टी का नाही, पाव-बिस्किटं घरी का भाजत नाहीत, असं कुणी विचारलं की मी स्वयंपाकघरात न शिरता त्याला आधी शेतात नेते. भट्टी तापवायची तर जाड लाकूड लागतं. ते तास-दोन तास जळायला हवं, त्याची धग विटा-मातीत मुरायला हवी, मग विस्तव ओढून काढून त्या मुरलेल्या धगीवर भाजायचं. आमचं जळण कसलं? तुराट्या, पळाट्या, सणकाड्या, ज्वारीची धसकटं आणि गोवऱ्या. तुराटी भडका घेते आणि वळून बघेपर्यंत तिची राख होते. गोवरी नुसती धुमसत राहते. भट्टीला हवी तशी भरभक्कम, तासन्‌तास टिकणारी आच आमच्या वाट्याला कधी आलीच नाही. आली ती तव्याची. खाली मूठभर काड्या, वर पातळ लोखंड, त्यावर पातळ भाकरी. लातूरची तूरडाळ देशभर जाते असं आम्ही अभिमानानं सांगतो. त्याच तुरीच्या काड्यांवर आमच्या चुली पेटल्या, हे सांगायचं राहून जातं.

दुसरं कारण दाण्यातच आहे. गव्हाचं पीठ भिजवून मळलं की त्यातल्या प्रथिनांची एक लवचिक जाळी तयार होते, तिला ग्लूटेन म्हणतात. यीस्टनं सोडलेला वायू त्या जाळीत अडकतो, म्हणून पाव भट्टीत फुगतो आणि फुगलेलाच राहतो. ज्वारीत ही जाळी नाही. ज्वारीचं पीठ भिजवून रात्रभर ठेवलं तर आंबेल, त्याची झकास आंबील होईल, पण गोळा फुगून उभा राहणार नाही. भट्टीत घातला तर वीट निघेल. तेव्हा या पिठाला दुसरीच युक्ती लागते. पीठ जुनं असेल, त्यातला जिगट गेला असेल, तर उकळतं आधण घालायचं. नव्या ज्वारीला गार पाणीही चालतं. एका वेळी एकाच भाकरीपुरतं पीठ घ्यायचं, तळहाताच्या टाचेनं रगडायचं, काटवटीत थापायचं, दोन्ही हातांवर उचलून तव्यावर टाकायचं आणि लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा. हा पाण्याचा हात चुकला की भाकरी तडकते. पाणी आटत आलं की उलटायची, दुसरी बाजू शेकली की तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी आरावर उभी टेकवायची. आतल्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला जागा सापडत नाही, पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म होते. पावात यीस्ट जे काम तासभर रमतगमत करतं ते इथं वाफ काही क्षणांत उरकते. मात्र त्या क्षणांत कुणीतरी तिच्याकडं बघत असावं लागतं. या ‘कुणीतरी’कडं मी परत येणार आहे.

आमच्याकडं भाजणं नव्हतं असं मात्र नाही. चुलीला स्वतःचं एक पोट असतं. रात्रीच्या भाकऱ्या झाल्या की आर पुढं ओढून त्यावर राख पांघरायची आणि त्या राखेत वांगं, कांदा, रताळं, लसणाचा गड्डा, उन्हाळ्यात पन्ह्याची कैरी पुरून ठेवायची. राख धग आत धरून ठेवते, वाऱ्याला आत येऊ देत नाही, आणि सकाळपर्यंत चूल पुन्हा पेटवायला दोन इंगळही जिवंत ठेवते. चारी बाजूंनी बंद, मंद, एकसारखी उष्णता: ओव्हनची व्याख्या कुणी याहून वेगळी करून दाखवावी. शेजारी वैल असतो. चुलीच्या तोंडातून जाऊन उरलेली आच तिकडं वळते आणि कुणी न बघता वरणाचं पातेलं रटरटत राहतं. गोवरीच्या विस्तवावर दिवसभर ठेवलेल्या दुधाला येणारी लालसर साय तर ज्यानं खाल्ली असेल त्याला गॅसवरच्या दुधाचं कौतुक सांगू नये.

पौष-माघात हेच पोट शेतात, जमिनीत खणलं जातं. हुरड्याची आगटी म्हणजे टीचभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा आर, आरात खुपसलेली ज्वारीची कोवळी कणसं. भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातांवर चोळायचं, फुंकर मारून भुसकट उडवायचं आणि हिरवे, दुधाळ दाणे समोरच्याच्या हातात द्यायचे. बरोबर शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. हुरड्याचं मला विशेष वाटतं ते वेगळंच. भाजणारा आणि खाणारे एकाच विस्तवाभोवती बसलेले असतात. आणि भाजणारा बहुतेक वेळा बाप्या असतो. घरात चहाचं पातेलं न उतरवणारे आमचे भावजी आगटीपाशी दिवसभर न कंटाळता बसतात. उघड्यावर शिजवणं ही गंमत आणि छपराखाली शिजवणं हे काम, अशी वाटणी कुणी कधी केली कोण जाणे, पण ती चोख पाळली जाते.

खरी भट्टी, आत माणूस वाकून बघेल अशी, औशात होती. पण ती गावाची होती, घराची नव्हती. दिवाळी जवळ आली की बायका मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा आणि वेलदोड्याची पूड घेऊन बेकरीत जायच्या. कुणी पीठ घरूनच फेसून न्यायचं, कुणी तिथल्या पोरांकडून मळून घ्यायचं. लोखंडी पत्र्यांवर नानकटाईचे गोळे मांडायचे, प्रत्येकावर बोटानं दाबून चारोळी नाहीतर बदामाचा काप बसवायचा, कडेला नावाची चिठ्ठी ठेवायची आणि रांगेत बसून राहायचं. किलोमागं भाजणावळ ठरलेली. बेकरीवाले चाचा लांब दांड्याच्या फावड्यानं पत्रा आत सरकवायचे आणि घड्याळाकडं न बघता, नुसत्या वासावर बाहेर ओढायचे. रांगेत मोमीनपुऱ्यातल्या बायका ईदेच्या आधी असायच्या तशा दिवाळीच्या आधी आम्ही. आपल्या डब्यातली नानकटाई दुसऱ्याच्या डब्यात गेली की काय यावरून होणारी भांडणं हा त्या रांगेतला करमणुकीचा भाग. मी लग्न होऊन इथं आले त्या पहिल्या दिवाळीला आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला त्या रांगेत बसवलं. घरच्या उंबऱ्याबाहेर बसून गावातल्या निम्म्या बायकांशी बोलायची माझी ती पहिली वेळ. त्यासाठी तरी भट्टी घरात नव्हती ते बरंच झालं.

घरोघरी ओव्हन ही जुनी गोष्ट आहे असं आपल्याला इंग्रजी सिनेमे बघून वाटतं. तसं ते नाही. मध्ययुगीन फ्रान्समध्ये अनेक गावांत जमीनदाराचीच एक भट्टी असे. रयतेनं तिथंच पाव भाजायचा आणि त्याबद्दल वाटा द्यायचा. मोरोक्कोच्या जुन्या शहरांत आजही मळलेला पाव फळीवर घेऊन पोरं गल्लीतल्या भट्टीकडं जातात. खुद्द लंडनमध्ये, १८४३ साली डिकन्सनं ‘अ ख्रिसमस कॅरोल’ लिहिली तेव्हा, गरिबाघरचं सणाचं जेवण बेकरीवाल्याच्या भट्टीत भाजून आणावं लागत होतं. त्या गोष्टीतल्या क्रॅचिट कुटुंबाचा भाजलेल्या हंसाचा थाट तसाच, पोरांनी जाऊन बेकरीतून आणलेला. आपल्या गोव्यात पाव रोजचा, पण तो पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीतून दारात येणारा. म्हणजे ज्यांच्या ताटात भाजलेला पाव रोज होता त्यांच्याही घरात भट्टी असेलच असं नव्हतं. ती तापवणं एका चुलीला परवडणारं कामच नव्हे. गॅसनं आणि विजेनं ते परवडू लागलं, मग ओव्हन घरात शिरला आणि जणू कायमचा तिथंच होता असा ओट्याखाली जाऊन बसला.

आमच्या गल्लीत तो पहिल्यांदा आला तो गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला. एका शिक्षिका बाईंना लग्नात आहेर मिळालेला. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला जायचा, त्यात वर्षातून एकदा केक व्हायचा. मग भारनियमनाची वर्षं आली. २००५ नंतर काही काळ मराठवाड्यात वीज कधी जाईल हे जितकं नक्की असायचं तितकं ती कधी येईल हे नसायचं. अर्धा फुगलेला केक अंधारात खाली बसायचा. त्या बाईंनी शेवटी ओव्हनात कांदे ठेवायला सुरुवात केली, आणि हवा खेळती असल्यानं कांदे छान टिकतात असं त्या प्रामाणिकपणे सांगायच्या.

२०२० च्या टाळेबंदीत मात्र केकनं ओव्हनला वळसा घातला. बेकऱ्या बंद, लेकरांचे वाढदिवस तर थांबत नाहीत. कुकरची रबरी रिंग आणि शिट्टी काढून ठेवायची, तळाला मीठ नाहीतर चाळलेली वाळू, त्यावर लोखंडी कडं, कड्यावर डबा, झाकण, मंद गॅस. डब्यात बिस्किटांचा चुरा, दूध आणि खायच्या सोड्याची पुडी. आमच्या घरीही झाला, खालून जरासा लागलेला, पण झाला. तेव्हा अनेकांना हा मोठा शोध वाटला. आत्याबाई म्हणाल्या, “वाळूत भाजायलेत तर त्यात काय नवल? भडभुंजा काय करायला होता मग?” बरोबरच होतं त्यांचं. फुटाणे, लाह्या, मुरमुरे तापल्या वाळूतच फुलतात. वाळू हळू तापते, तापली की धग सोडत नाही, दाण्याला सगळीकडून सारखी कवटाळते. भडभुंज्याच्या कढईत जे शतकानुशतकं चाललं होतं त्यावर आम्ही डबा ठेवला इतकंच.

इथवर सगळं छान आहे. ओव्हनवाचून आमचं काही अडलं नाही, उलट वाफ, राख, वाळू, ऊन, तवा अशी आचेची केवढी रूपं आमच्या बायकांनी हाताळली, असं म्हणून हा लेख सुखानं संपवता आला असता. तसे लेख मी वाचलेत. बहुतेक पुरुषांनी लिहिलेले असतात. त्यात आजीच्या चुलीवरच्या भाकरीचा खमंग वास असतो. आजीच्या डोळ्यांतलं पाणी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या चुलीच्या आणि तसल्याच जळणाच्या धुरामुळं २०२० साली जगभरात ३२ लाख माणसं अकाली गेली. ‘चुलीवरचं जेवण’ अशी पाटी तुळजापूर-औसा-लातूर रस्त्यावर ढाब्याढाब्यावर दिसते. गाडीतून उतरून तिथं जेवणाऱ्याला त्या धुरात वीस मिनिटं बसून दाखव म्हणावंसं वाटतं.

धुराचं गॅसनं बरंचसं भागवलं. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर वाड्या-तांड्यांवरही पोचला, तो पुन्हा भरून आणणं परवडतं की नाही हा वेगळा भाग. पण तव्याचं एक दुखणं गॅसनं जात नाही. भाकरी गरम खायची असते. तव्यावरून ताटात, त्यावर लोणी नाहीतर तेल-तिखट, पहिला घास मोडताना वाफ निघाली पाहिजे. गार भाकरी म्हणजे जेवणाऱ्याचा अपमान, तसं नाही तरी हयगय. आणि भाकरी एका वेळी एकच होते. म्हणजे घरात सहा माणसं जेवायला बसली तर बसणारी पाच असतात आणि सहावी तव्यापाशी. ओव्हन हे यंत्र भाकरीच्या कामाचं नाही हे मी वर सांगितलंच. पण त्याच्या एका गुणाचा मला मनापासून हेवा वाटतो. त्याचं दार लावून माणूस निघून जाऊ शकतो. इंग्रजी सिनेमातली ती बाई हातमोजे घालून भांडं बाहेर काढते, टेबलाच्या मधोमध ठेवते आणि खुर्ची ओढून बसते. तिनं खुर्ची ओढली की माझं सिनेमातलं लक्ष जातं.

पूर्वी निदान बसून व्हायचं. चूल जमिनीवर, बाई पाटावर किंवा नुसती उकिडवी, जेवणारे समोरच जमिनीवर. बोलणं तिच्यासमोर व्हायचं, तिला हुं म्हणता यायचं. ही मांडणी मोडली ती भूकंपानं. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बुडवून गाव झोपलेलं असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि दगड-मातीच्या जाड भिंती, वरचं मातीचं जड माळवद, सगळं माणसांवर आलं. गावंच्या गावं नव्या जागी उठवून वसवली. नव्या घरांना सिमेंटचं छत आणि हलक्या भिंती. आणि आमच्या औशातही लोकांनी माळवदं उतरवून स्लॅबची घरं बांधायला घेतली. स्लॅबबरोबर ओटा आला. ओट्यानं बाईची कंबर सुटली, मान्य. पण ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली आणि जेवणारे तिच्या पाठीमागं गेले. पाठमोऱ्या माणसाशी किती बोलणार? “अजून एक टाक,” “भाजी वाढ,” एवढंच उरतं. पुनर्वसित गावांत फिरलात तर घरामागं पत्रा टाकून बांधलेली चूल अजून दिसते. लोक म्हणतात भाकरीच्या चवीसाठी. असेल. मला वाटतं तिथं निदान शेजारीण समोर बसते.

मुक्ताबाईच्या मांड्यांची गोष्ट मराठी घरात सगळ्यांना ठाऊक असते. मांडे करायचे तर उपडं खापर हवं. विसोबानं कुंभारांना दटावून ते मिळू दिलं नाही. मुक्ताई रडवेली होऊन घरी आली तेव्हा ज्ञानोबांनी जठराग्नी चेतवला, त्यांची पाठ तापून लाल झाली आणि त्या पाठीवर तिनं मांडे भाजले. कीर्तनकार या ठिकाणी योगसामर्थ्य समजावून सांगतात, विसोबाला आलेली उपरती सांगतात. मला दर वेळी ती ओणवी पाठ दिसते. तव्याचं काम बाप्यानं केलं अशी आमच्या परंपरेतली ही एकच गोष्ट मला आठवते, आणि ती चमत्कार म्हणून सांगितली जाते.

तव्याला सुट्टी हवी हे जुन्या लोकांना अगदीच कळत नव्हतं असं नाही. नागपंचमीला चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही. त्या दिवशी पुरणाची दिंडं उकडायची. मोदकपात्र नसेल तर पातेल्यात पाणी, तोंडाला फडकं बांधायचं, त्यावर दिंडं, वर झाकण. झाकण ठेवलं की बाईचे हात मोकळे, ती वारुळाला जाऊन येते, झोक्यावर बसते. श्रावणातल्या शीतला सप्तमीला तर चूलच पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं गार खायचं. कारणं देवाची सांगितली जातात, नागाला इजा नको, शीतलादेवीला दाह नको. सांगितली जाईनात. उभ्या वर्षात एक-दोन दिवस घरातली सगळी एका वेळी जेवतात ही गोष्ट ज्या बाईनं कुणाच्या तोंडून तरी देवाची म्हणून वदवून घेतली तिला माझा नमस्कार.

पण या सगळ्यात आमचा सण म्हणजे येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या, पंचांगवाले वेळ अमावस्या म्हणतात. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, सोलापूरच्या काही भागांत आणि सीमेपलीकडं बिदर-कलबुर्गीकडं ती होते. पुण्या-मुंबईच्या माणसाला बहुधा ठाऊकही नसते. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, आणि न करते तरी कार्यालयांत कुणी सापडलं नसतं. बाजारपेठ बंद, रस्ते सुने, सगळं गाव रानात. कडब्याच्या पेंड्यांची कोप उभारायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा, आंबील शेतात शिंपडायची आणि जेवायला बसायचं. ज्याला रान नाही त्याला रानवाले बोलावून नेतात. न बोलावलेला माणूसही कोपीपाशी उभा राहिला तर त्याच्यापुढं पत्रावळ येते.

जेवण काय? भज्जी. हे भजं नव्हे, पातळभाजी. तुरीचे ओले दाणे, वाटाणा, वाल, पावटा, ओला हरभरा, भुईमूग. पाल्यात मेथी, चुका, हरभऱ्याचा कोवळा पाला, कांद्याची पात. रानात आणि बाजारात त्या आठवड्यात जे हिरवं असेल ते सगळं, ताकात किंवा आंबिलीत कालवलेल्या बेसनात शिजवलेलं, चिंचेनं आंबट केलेलं. बाजरीचे उंडे, तेही उकडलेले. तीळ लावलेल्या भाकरी. गव्हाची खीर. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, लसूण-मीठ घातलेली, मातीच्या मडक्यात रात्रभर गार झालेली. सगळं घरून शिजवून, टोपल्यांत भरून, डोक्यावर घेऊन जायचं. म्हणजे शेतात पोचल्यावर कुणीही काही भाजत नाही. भज्जी कोमट, भाकरी गार, आंबील तर गारच हवी. आणि कुणी म्हणजे कुणीही कुरकुरत नाही. घरी गार भाकरीचा घास तोंडात फिरवणारे मामंजी रानात तीच भाकरी भज्जीत कुस्करून तीनदा मागून घ्यायचे. आत्याबाई त्यांच्या शेजारी, त्याच पंगतीला, पाय पसरून बसायच्या. नवरा-बायको असे शेजारी बसून जेवताना मी त्यांना बघितलं ते या सणालाच.

याची किंमत आदल्या रात्री मोजलेली असते, तेही सांगायला हवं. येळवशीच्या आधीची रात्र बायका झोपत नाहीत. शेंगा सोलायच्या, पाला निवडायचा, उंडे वळायचे, भाकऱ्यांची चवड लावायची. पहाटे पहाटे भज्जीचं मोठं पातेलं उतरतं. पण त्या रात्री जावा-नणंदा, शेजारच्या दोघी-तिघी एकत्र असतात आणि घरातल्या बाप्यांना शेंगा सोलायला बसवलेलं चालतं. एरवी पाटीभर काम एकटीनं रोज तुकड्या-तुकड्यांत करायचं, ते एका रात्रीत दहा जणींनी मिळून करायचं आणि दुसऱ्या दिवशी हात धुऊन सगळ्यांबरोबर बसायचं. यातलं कुठलं सोपं हे मी कुठल्याही बाईला विचारायला तयार आहे.

अलीकडं रानात ज्वारीच कमी झाली. खरिपाला सोयाबीन, त्यामागं हरभरा. भाकरीची मालदांडी ज्वारी मिळते ती गव्हाहून महाग. सोयाबीनच्या भुसकटावर चूल चालत नाही, बैल विकल्यावर गोवऱ्या कुठल्या? गावात पोळी-भाकरी केंद्रं निघाली आहेत. बचत गटाच्या बायका पहाटेपासून भाकऱ्या थापतात, कडक भाकऱ्यांची पाकिटं पुण्याला शिकणाऱ्या पोरांकडं जातात. कडक भाकरी आठवडाभर टिकते, दुधात-आमटीत चुरून खाता येते. ‘घरात भाकरी थापायला माणूस नाही का?’ असं विकत घेणाऱ्याला ऐकवणारे लोक आहेत. बेकरीच्या रांगेत नानकटाईचे पत्रे घेऊन बसलेल्या आम्हाला कुणी तसं ऐकवल्याचं आठवत नाही.

आमच्या घरात मी आता एक बदल केला आहे. रात्री जेवायच्या आधीच सगळ्या भाकऱ्या करून दुरडीत फडक्याखाली ठेवते, गॅस बंद करते आणि माझंही ताट घेते. फडक्यातल्या वाफेनं त्या जरा मऊ पडतात, पापुद्रा बसतो. पहिल्या दिवशी यांनी दुरडीत हात घातला, भाकरी चाचपली आणि माझ्याकडं बघितलं. मी भाजी वाढून घेत होते. काही दिवसांनी भावजी जेवायला होते. “वहिनी, जरा गरम करून देता का?” म्हणाले. यांनीच सांगितलं, “तवा तिथंच आहे बघ, गॅस डावीकडून फिरव.” भावजी उठले, भाकरी तव्यावर टाकली आणि तिथंच उभे राहिले. एक बाजू जरा करपली. “आता अजून कुणाला हवी असली तर सांगा,” ते ओट्याकडूनच म्हणाले, तेव्हा लेकानं ताट पुढं केलं. भावजी दुसरी टाकायला वळले आणि आम्ही सगळे जेवत राहिलो.